साचा कुणाच्या ताब्यात? एअरफिक्सची दोन दिवाळी

एअरफिक्स ही प्लॅस्टिकची विमाने, जहाजे आणि रणगाडे सुट्या तुकड्यांत विकणारी ब्रिटिश कंपनी. तिचे दिवाळे दोनदा निघाले, आधी जानेवारी १९८१ मध्ये आणि नंतर ऑगस्ट २००६ मध्ये. एरवी कारखाना बुडाला की कामगारांची थकबाकी, बँकांचे कर्ज आणि जमिनीचा भाव यांची चर्चा होते. मॉडेल जोडणाऱ्या हौशी मंडळींची काळजी वेगळी असते. साचे कुठे आहेत आणि ते आता कुणाच्या ताब्यात जाणार, हे त्यांना आधी कळायला हवे असते. छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज किंवा चिकलठाणा एमआयडीसीत टूलरूमचे काम केलेल्या माणसाला या काळजीचे कारण सांगावे लागणार नाही. इतरांसाठी किट म्हणजे काय, इथून सुरुवात करायला हवी.

किटच्या डब्यात तयार विमान नसते. प्लॅस्टिकच्या चौकटीला काड्यांनी जोडलेले पंख, चाके, पंख्याची पाती, वैमानिकाची खुर्ची असे तुकडे असतात. ते कापून, घासून, चिकटवून, रंगवून आणि शेवटी वर खुणांचे चिकटचित्र, म्हणजे डिकॅल, बसवून मॉडेल पुरे होते. विमानांसाठी सर्वांत रुळलेले प्रमाण १:७२. मूळ इंग्रजी मापात याचा हिशेब सोपा आहे, एक इंच म्हणजे सहा फूट. नऊ मीटरहून थोडे लांब असलेले स्पिटफायर हे ब्रिटिश लढाऊ विमान या प्रमाणात पावणेतेरा सेंटिमीटरच्या आसपास भरते. एवढ्याशा अंगावर पत्र्यांचे सांधे आणि झडपांच्या कडा दिसायला हव्यात, ही हौशी माणसाची मागणी असते. ती पुरी करणे सर्वस्वी साच्यावर अवलंबून असते.

हा साचा पोलादाचा आणि तत्त्वाने मोदकाच्या साच्यासारखाच, दोन पाखांचा. एका बाजूला कॅव्हिटी, दुसऱ्या बाजूला कोअर. दोन्ही घट्ट मिटल्या की मधल्या पोकळीत वितळलेले पॉलिस्टायरीन मोठ्या दाबाने भरायचे, पाण्याने थंड करायचे, साचा उघडायचा आणि इजेक्टर पिनांनी माल बाहेर ढकलायचा. अशा एका फेरीला कामगार ‘शॉट’ म्हणतात. तुकड्यांना जोडणाऱ्या काडीला कारखान्यातला माणूस रनर म्हणतो. हौशी माणूस त्या काड्यांच्या चौकटीला ‘स्प्रू’ म्हणतो आणि ती कापण्यासाठी वेगळी पक्कड बाळगतो. साचा जुना होऊन पाख्यांच्या कडा झिजल्या की फटीतून प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा बाहेर येतो. तो ‘फ्लॅश’. या एका शब्दावर मात्र यंत्र चालवणाऱ्याचे आणि मॉडेल जोडणाऱ्याचे एकमत आहे, आणि दोघेही त्याला वैतागतात.

संगणक येण्यापूर्वी असा साचा करण्याची रीत कष्टाची होती. मूळ वस्तू आधी मोठ्या आकारात लाकडाची किंवा राळेची कोरून घेत. मग पँटोग्राफ यंत्राचा एक हात त्या नमुन्यावरून फिरे आणि दुसऱ्या हाताची कातणी तीच वळणे लहान करून पोलादात उतरवी. आता रचना पडद्यावर होते, सीएनसी यंत्र पोलाद कापते आणि कातणी पोहोचत नाही तिथे विजेच्या ठिणगीने, म्हणजे ईडीएमने, धातू झिजवला जातो. ही कामे संभाजीनगरला परकी नाहीत. चिकलठाण्याला इंडो-जर्मन टूल रूम आहे, तिथेच प्लॅस्टिक तंत्रज्ञान शिकवणाऱ्या सिपेट या केंद्रीय संस्थेचे केंद्र आहे, आणि वेरॉकसारख्या उद्योगसमूहाची सुरुवातच १९९० मध्ये प्लॅस्टिकच्या भागांपासून झाली. दुचाकीच्या दिव्याची काच आणि स्पिटफायरचे छत्र यांमागची विद्या एकच आहे.

फरक हिशेबात आहे. किटमधल्या प्लॅस्टिकची किंमत नगण्य असते. खरा खर्च साच्याचा, आणि तो पहिला डबा विकण्याआधी करावा लागतो. साचा नीट ठेवला तर दशकानुदशके चालतो. म्हणून किट कंपनीची खरी मालमत्ता तिची इमारत किंवा यंत्रे नसतात, शेकडो किलो वजनाचे ते पोलादी ठोकळे असतात. नाव विकत घेता येते, चित्रे पुन्हा काढता येतात, पण साचा हरवला तर ते किट संपले.

एअरफिक्सची सुरुवात मॉडेलपासून झालीच नव्हती. निकोलस कोव्ह या हंगेरियन निर्वासिताने १९३९ मध्ये ती काढली, हवा भरून फुगवायच्या रबरी खेळण्यांसाठी. व्यापारी सूचीत नाव वरच्या बाजूला यावे म्हणून ते ‘ए’ अक्षराने सुरू केले, असे सांगतात. महायुद्धानंतर कंपनी इंजेक्शन मोल्डिंगकडे वळली आणि मोठ्या प्रमाणावर कंगवे काढू लागली. १९४९ मध्ये फर्ग्युसन ट्रॅक्टरच्या विक्रेत्यांना दाखवायला छोटे ट्रॅक्टर हवे होते. ते काम एअरफिक्सने घेतले. तयार ट्रॅक्टर जोडण्यात मजुरी फार जाई, म्हणून पुढे तेच तुकडे सुटे विकायला काढले. १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धात वुलवर्थ दुकानांसाठी फ्रान्सिस ड्रेक या इंग्रज दर्यावर्दीचे ‘गोल्डन हाइंड’ जहाज आले. किंमत दोन शिलिंगात बसावी म्हणून डबा काढून टाकून प्लॅस्टिकची पिशवी आणि वर कागदाची पट्टी एवढेच ठेवले. पुढच्याच वर्षी स्पिटफायर आले. खिशातल्या पैशांत विमान घेता येते, ही गोष्ट ब्रिटनमधल्या एका पिढीच्या अंगवळणी पडली ती या पिशवीमुळे. नंतरच्या डब्यांवर रॉय क्रॉस यांनी काढलेली धूर आणि आगीने भरलेली चित्रे तर आज स्वतंत्रपणे जमवली जातात.

१९८१ चे दिवाळे किट न खपल्यामुळे निघाले नाही. १९७१ मध्ये लाइन्स ब्रदर्स हा प्रचंड खेळणी-समूह कोसळला आणि त्याच्या मोडतोडीतून मेकॅनो आणि डिंकी हे खेळण्यांचे छाप एअरफिक्सच्या पदरात पडले. लिव्हरपूलचा मेकॅनो कारखाना तोट्यात चालत राहिला; १९७९ च्या नोव्हेंबरमध्ये तो बंद करावा लागला. त्यातच पौंड महाग झाल्याने निर्यात आटली. समूह गेला, त्यात चांगला चालणारा किट विभागही गेला. खरेदीदार जनरल मिल्स, म्हणजे नाश्त्याचे पदार्थ विकणारी अमेरिकन कंपनी. तिच्या पॅलिटॉय या उपकंपनीकडे किट आले आणि साचे समुद्र ओलांडून फ्रान्समध्ये कॅलेला गेले. जनरल मिल्सने खेळण्यांतून अंग काढल्यावर १९८६ मध्ये हल शहरातल्या हम्ब्रॉलने एअरफिक्स घेतली. हम्ब्रॉल रंगांची कंपनी. मॉडेल जोडणाऱ्याच्या टेबलावरच्या छोट्या गोल डब्या तिच्याच. तिच्या मालकांकडे हेलर ही फ्रेंच किट कंपनी आधीच होती, म्हणून साचे नॉर्मंडीतल्या ट्रन गावी हेलरच्या कारखान्यात ठेवले गेले. ही व्यवस्था वीस वर्षांनी अंगाशी आली.

साचे चुकीच्या हाती पडले तर काय होते, याचे उदाहरण हौशी मंडळींपुढे होतेच. फ्रॉग ही एअरफिक्सहून जुनी ब्रिटिश कंपनी. १९३६ मध्ये तिने काढलेली ‘पेंग्विन’ मालिका प्लॅस्टिक किटच्या सुरुवातीच्या प्रयत्नांपैकी एक. मालक असलेला लाइन्स ब्रदर्स समूह पडल्यावर फ्रॉगचेही दिवस फिरले आणि १९७० च्या दशकात तिचे बहुतेक साचे सोव्हिएत संघाला दिले गेले. जर्मन, जपानी आणि इटालियन युद्धविमाने काढायला मात्र सोव्हिएत अधिकारी तयार नव्हते, त्यामुळे त्या विमानांचे साचे रेव्हेल या किट कंपनीकडे वळले. नकाशावर देश वाटून घ्यावेत तशी एका कपाटातली विमाने वाटली गेली. सोव्हिएत कारखान्यांतून ती पुढे साध्या पिशव्यांत, कधी डिकॅलशिवाय आणि कधी भलत्याच नावाने बाहेर पडत राहिली. जाणता माणूस मात्र नुसते तुकडे पाहून मूळचे फ्रॉग ओळखतो.

२००६ मध्ये आधी हेलर अडचणीत आली. एअरफिक्सचा बहुतेक माल तिच्याकडून येत असल्याने हम्ब्रॉलची पुरवठ्याची नळीच तुटली. ३१ ऑगस्टला प्रशासक नेमले गेले आणि एक्केचाळीस कर्मचाऱ्यांपैकी एकतीस जणांची नोकरी गेली. एवढ्या जगप्रसिद्ध नावामागे शेवटी एक्केचाळीसच माणसे उरली होती, ही त्या बातमीतली सर्वांत बोलकी संख्या. नाव ब्रिटनमध्ये, साचे फ्रान्समधल्या दुसऱ्या एका बुडत्या कंपनीच्या छपराखाली, अशी अवस्था होती. नोव्हेंबरमध्ये छोट्या रेल्वे बनवणाऱ्या हॉर्नबीने एअरफिक्स आणि हम्ब्रॉल मिळून २६ लाख पौंडांना घेतल्या. त्यानंतर साचे हलवण्याचे काम सुरू झाले.

अशा बातमीवर हौशी मंडळी जे करतात ते वरकरणी विसंगत दिसते. कंपनी गेली म्हणून हळहळतात आणि त्याच संध्याकाळी दुकानातला उरलेला माल उचलतात. ज्याच्या माळ्यावर या जन्मी जोडून होणार नाहीत एवढे डबे आहेत, तोच रांगेत पुढे असतो. याला हाव म्हणून सोडून देणे अन्यायाचे होईल. किटचे उत्पादन वर्षभर अखंड चालत नाही; एक साचा यंत्रावर चढवून काही हजार शॉट काढायचे, मग तो उतरवून दुसरा चढवायचा, अशी रीत असते. चांगल्या काळातही एखादे विमान सूचीतून पाच-सात वर्षे गायब होते. न दिसणाऱ्या भविष्यासाठी साठा करण्याची सवय या छंदाने लावलेली आहे. दिवाळे तिला नुसते निमित्त देते. पुढे कुणी साचा विकत घेऊन तेच किट पुन्हा बाजारात आणले की चढ्या भावाने घेतलेल्या जुन्या डब्याची किंमत कोसळते. त्यामुळे कंपनी वाचल्याच्या बातमीने थोडे नाराज होणारेही असतात, फक्त ते तसे बोलून दाखवत नाहीत.

छोट्या रेल्वेच्या छंदात हा धक्का अधिक खोल बसतो. जोडून झालेल्या विमानाला कंपनीकडून पुढे काही लागत नाही, पण धावत्या इंजिनाला मोटर, चाके आणि सुटे भाग लागतात. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभे केलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून लोकांना पाहता येते. तिथल्यासारखे चालते जग राखायचे तर सुट्या भागांची सोय आयुष्यभर लागते. म्हणून २००९ च्या फेब्रुवारीत मेर्कलिन ही जर्मन कंपनी आपल्या दीडशेव्या वर्षात नादार झाली तेव्हा काळजी नव्या मालापेक्षा दुरुस्तीची होती. मेर्कलिन पुढे सावरली. किटच्या छंदात मात्र प्रश्न साच्यांचाच राहिला: २०१८ च्या जानेवारीत अमेरिकेत हॉबिको या छंद-साहित्याच्या कंपनीने नादारी जाहीर केली तेव्हा तिच्या मालकीची रेव्हेल एका जर्मन गुंतवणूक कंपनीने घेतली, आणि रेव्हेलकडे असलेल्या जुन्या मोनोग्राम किटच्या साच्यांचे काय, ही चर्चा नव्याने झाली.

या सगळ्यात भारताचा संबंध अनपेक्षित बाजूने येतो. हॉर्नबीने एअरफिक्सच्या उत्पादनाचा मोठा भाग भारतात हलवला आणि २०१० च्या दशकातल्या बऱ्याच नव्या किटच्या डब्यांवर ‘मेड इन इंडिया’ छापून आले. १९६५ च्या युद्धात गाजलेले नॅट हे छोटे लढाऊ विमान भारतीय हौशी मंडळींचे आवडते; ते ब्रिटिश हवाई कसरतपथकाच्या लाल रंगात विकले गेले तरी इथला माणूस ते भारतीय वायुसेनेच्या चंदेरी रंगात आणि तिरंगी वर्तुळांसह करू पाहतो. भारतात बनलेला एअरफिक्सचा माल मात्र मुख्यतः निर्यातीचा. परदेशी किट मागवायचे तर जकात आडवी येते. सीमाशुल्काच्या सूचीत प्रमाणबद्ध मॉडेल खेळण्यांच्याच शीर्षकाखाली मोडतात आणि खेळण्यांवरचे मूळ शुल्क २०२० मध्ये वीस टक्क्यांवरून साठ, तर २०२३ मध्ये सत्तर टक्के झाले. देशी खेळणी-उद्योगाला संरक्षण हा हेतू समजण्यासारखा आहे. पण ज्या वस्तूला देशी पर्यायच नाही तिच्यावरही तोच दर बसला. इथल्या हौशी माणसाला टंचाई रोजचीच असल्याने परदेशी कंपनीच्या दिवाळ्याने तो कमी हादरतो.

संभाजीनगरमध्ये किट का निघत नाहीत, याचे उत्तर कौशल्यात शोधू नये. दुचाकीच्या भागाचा साचा लाखो नगांवर आपला खर्च काढतो. स्पिटफायरच्या साच्याला काही हजार गिऱ्हाईक पुरे, पण तेवढे गिऱ्हाईक वर्षानुवर्षे टिकायला हवे. ते टिकवण्यासाठी लागणारी छंदाची दुकाने आणि मासिके इथे उभी राहिली नाहीत. मोठा कारखाना बुडताना या शहराने पाहिलेला आहे. पैठण रस्त्यावरच्या चितेगावात टीव्ही बनवणारी व्हिडिओकॉन २०१८ मध्ये नादारीच्या प्रक्रियेत गेली तेव्हा कामगार, पुरवठादार आणि बँका यांचे प्रश्न पुढे आले. तिच्या टीव्हीचे साचे कुठे गेले हे विचारायला कुणी गिऱ्हाईक आले नाही, कारण जुना टीव्ही पुन्हा कुणाला नको असतो.

एअरफिक्स हॉर्नबीकडे गेल्यापासून नव्या किटची रचना संगणकावर होते आणि काही उत्पादन पुन्हा ब्रिटनमध्ये आले आहे. जुन्या साच्यांतले किट ‘व्हिंटेज क्लासिक्स’ या नावाने, फ्लॅशसकट, निघतात. सगळेच साचे मात्र परत येऊ शकत नाहीत. काही गंजले, काहींचे आतले ठोकळे वाटेत हरवले. आणि ज्या साच्यातच कापाकापी करून विमानाची पुढची आवृत्ती काढली गेली, त्यातून आधीची आवृत्ती आता कुठल्याच मालकाला काढता येत नाही. ती फक्त न उघडलेल्या जुन्या डब्यांत शिल्लक आहे.