चालकाच्या पायाखालची मॅट



पावसाळ्यात गाडीत चिखल येतो. मग आपण चालकाच्या पायाखाली पोतं टाकतो, जुन्या सतरंजीचा तुकडा घालतो, नाहीतर बाजारातली रबरी मॅट आणून आधीच्या मॅटवरच अंथरतो. गाडी स्वच्छ राहते, पण ती मॅट पुढे सरकली तर रेसचं पेडल तिच्यात अडकतं. चालकाने पाय उचलला तरी पेडल वर येत नाही. गाडी पळतच राहते.

असं खरंच घडलं आहे. ऑगस्ट २००९ मध्ये अमेरिकेत, सॅन दिएगो शहराजवळ एकाच कुटुंबातले चौघे अशा अपघातात गेले. गाडी चालवणारे स्वतः महामार्ग पोलीस होते, म्हणजे हात सराईत होता. गाडी विक्रेत्याकडून तात्पुरती मिळालेली होती. तिच्यात दुसऱ्याच मोठ्या गाडीची मॅट होती, आणि ती हुकात अडकवलेली नव्हती. त्यानंतर टोयोटा कंपनीने तिथल्या सुमारे ३८ लाख गाड्यांच्या मालकांना चालकाकडची मॅट काढून ठेवायला सांगितलं.

आपण काय पाहायचं?

मॅट त्याच गाडीच्या मापाची हवी आणि खालच्या हुकात बसलेली हवी. हूक तुटला असेल तर मॅट काढून ठेवलेली बरी. एकीवर दुसरी मॅट कधीच नको. गाडी धुतल्यावर मॅट उलटी किंवा सैल बसली नाही ना, हे बघा. मग इंजिन बंद ठेवून रेसचं पेडल तळापर्यंत दाबा आणि सोडा. ते झटकन वर आलं पाहिजे. पाण्याची बाटली, पिशवी, काढलेली चप्पल चालकाच्या पायाशी ठेवू नका. बाटली ब्रेकखाली गेली तर ब्रेक दाबलाच जात नाही.

आणि चालत्या गाडीत रेस अडकलीच तर?

मॅट ओढायला खाली वाकू नका. ब्रेक दोन्ही पायांनी जोरात दाबून तसाच धरा. सोडून पुन्हा पुन्हा मारलात तर तो कडक होऊ शकतो. गाडी न्यूट्रलमध्ये टाका; क्लचची गाडी असेल तर क्लच दाबून. इंजिन मोठ्याने ओरडेल, ओरडू द्या, त्याची ताकद आता चाकांपर्यंत जात नाही. गाडी कडेला घ्या, थांबली की मगच इंजिन बंद करा. चालत्या गाडीची चावी काढली तर स्टिअरिंग अडकतं.

आपल्यातल्या काही जणी आता गाडी शिकताहेत, बाकीच्या बाजाराला, दवाखान्याला भाड्याच्या गाडीने जातात. मागे बसणारीनेही पुढे एकदा नजर टाकावी. "दादा, ती मॅट नीट बसवा, मग निघू," एवढं म्हणायला संकोच कसला? पुढच्या बैठकीला ज्या गाडीने याल, तिची मॅट आधी बघा आणि काय दिसलं ते गटात सांगा.