जामीन

जामीन : अपराधाचा आरोप किंवा संशय असलेल्या व्यक्तीस, बोलावले जाईल तेव्हा ती न्यायालयापुढे हजर राहील अशी हमी घेऊन, अन्वेषण वा खटला चालू असतानाच कोठडीतून मुक्त करणे, यास जामिनावर मुक्तता म्हणतात. अशी हमी देणाऱ्या त्रयस्थ इसमासही व्यवहारात जामीन किंवा जामीनदार असेच म्हणतात. शब्द मूळचा अरबी असून तो फार्सीच्या द्वारे मराठीत आला. जुन्या मराठी व्यवहारात हाजीरजामीन, मालजामीन व फैलजामीन असे भेद मानीत. पहिला माणसाला हजर करण्याची, दुसरा पैशाच्या फेडीची आणि तिसरा चांगल्या वर्तणुकीची हमी देई. आजचा फौजदारी जामीन तत्त्वतः हाजीरजामीन होय. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली, म्हणजे या विषयातील बहुतेक नियमांचा उलगडा होतो आणि व्यवहारात ते कोठे बिघडतात हेही दिसून येते.

दोष सिद्ध होईपर्यंत आरोपी निर्दोष मानला जातो. त्यामुळे खटल्यापूर्वीची कोठडी ही शिक्षा नव्हे. आरोपी पळून जाऊ नये, त्याने साक्षीदारांना धमकावू नये किंवा पुरावा नष्ट करू नये आणि पुन्हा अपराध करू नये, एवढ्याच हेतूंनी ती समर्थनीय ठरते. भारतीय संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदाने व्यक्तिस्वातंत्र्याची हमी दिली आहे, तर २२ व्या अनुच्छेदान्वये अटक केलेल्या इसमास २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे नेणे आवश्यक आहे. जामीन हा नियम व तुरुंग हा अपवाद, हे सूत्र सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी १९७७ मध्ये राजस्थान राज्य विरुद्ध बालचंद या प्रकरणात मांडले. पुढील निर्णयांत त्याचा वारंवार उल्लेख होतो. सूत्राचा उच्चार जितका सुलभ, तितका त्याचा अवलंब मात्र झालेला नाही.

जामिनाच्या स्वेच्छाधिकारास किती वाव असतो, याचे महाराष्ट्रातील प्रसिद्ध उदाहरण लोकमान्य टिळकांवरील राजद्रोहाच्या खटल्यांचे. १८९७ मध्ये दंडाधिकाऱ्याने नाकारलेला जामीन मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांनी टिळकांना मंजूर केला. त्यावेळी टिळकांच्या बाजूने युक्तिवाद करणारे बॅरिस्टर दिनशा दावर हेच १९०८ मध्ये न्यायाधीशपदी होते. त्यांनी त्या खटल्यात टिळकांचा जामीन नाकारला. आरोपी तोच आणि आरोपही त्याच कलमाखालील. तरी निर्णय उलट झाले.

भारतात जामिनाची तरतूद प्रथम १८६१, १८७२, १८८२ व १८९८ च्या आणि नंतर १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ अंमलात आली असून तिची ४७८ ते ४९६ ही कलमे जामीन व बंधपत्रे यांविषयी आहेत. या संहितेत जामिनाची व्याख्या प्रथमच देण्यात आली. जामीनदाराशिवाय दिलेले ते बंधपत्र (व्यवहारातील जातमुचलका) आणि जामीनदारासह दिलेले ते जामीनपत्र, असा भेदही तीत केला आहे. जुन्या निर्णयांतील तत्त्वे नव्या कलमांनाही लागू पडतात.

अपराधांचे जामीनयोग्य व बिनजामीनी असे दोन वर्ग आहेत. जामीनयोग्य अपराधात जामीन हा आरोपीचा हक्क असून तो ठाण्याच्या अंमलदाराने किंवा न्यायालयाने द्यावयाचा असतो (कलम ४७८). ‘बिनजामीनी’ या शब्दाने मात्र गैरसमज होतो. अशा अपराधात जामीन मिळतच नाही असे नसून, तो देणे न देणे न्यायालयाच्या विवेकावर अवलंबून असते. देहान्त किंवा आजीव कारावासाची शिक्षा असलेला अपराध आरोपीने केल्याचे मानण्यास वाजवी कारण दिसल्यास दंडाधिकाऱ्यास सामान्यतः जामीन देता येत नाही. बालक, स्त्री, आजारी व अपंग व्यक्ती यांचा मात्र अपवाद करता येतो (कलम ४८०). उच्च न्यायालय व सत्र न्यायालय यांचे अधिकार अधिक विस्तृत आहेत (कलम ४८३). त्यासाठी आरोपी कोठडीत असावा लागतो. परंतु न्यायालयास शरण जाणे हीही कोठडीच होय, असे महाराष्ट्रातील निरंजनसिंग विरुद्ध प्रभाकर राजाराम खरोटे या १९८० च्या प्रकरणात ठरले.

विवेक वापरताना आरोपाचे स्वरूप, सकृद्दर्शनी पुरावा, संभाव्य शिक्षा, पूर्वचारित्र्य, फरार होण्याची शक्यता आणि साक्षीदारांवर दडपणाची भीती, या बाबी पाहिल्या जातात. पुराव्याची खटल्यासारखी छाननी मात्र करावयाची नसते. अटीही न्यायहेतूशी संबंधित असाव्या लागतात. पीडित स्त्रीकडून राखी बांधून घेण्याची अट २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. आरोपीने आपला ठावठिकाणा भ्रमणध्वनीवरून पोलिसांना सतत कळवावा ही अटही २०२४ मध्ये अग्राह्य ठरली.

अटकेची भीती असलेल्या व्यक्तीस अटकपूर्व जामीन मागता येतो (कलम ४८२). विधी आयोगाच्या १९६९ च्या अहवालातील शिफारशीनुसार ही तरतूद १९७३ च्या संहितेत आली. गुरबक्षसिंग सिब्बिया प्रकरणात (१९८०) पाच न्यायाधीशांच्या पीठाने तीवर कडक बंधने घालण्यास नकार दिला. असा जामीन ठराविक मुदतीपुरताच असावा असे नाही, हे २०२० मध्ये सुशीला अगरवाल प्रकरणात स्पष्ट झाले. तरीही तो हक्क नव्हे. बदलापूर येथील एका शाळेत लहान मुलींवर झालेल्या लैंगिक अत्याचाराचे प्रकरण ऑगस्ट २०२४ मध्ये उघड झाले. त्यात संस्थेच्या दोन पदाधिकाऱ्यांचा अटकपूर्व जामीन १ ऑक्टोबर २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने नाकारला. घटना वेळेवर पोलिसांस न कळविल्याचा आरोप त्यांच्यावर होता. याच प्रकरणात २० ऑगस्ट रोजी बदलापूर स्थानकात लोकांनी तासन्‌तास रेल्वे रोखून धरली आणि त्यांतील अनेकांस अटक झाली. म्हणजे एकाच घटनेतून मुख्य आरोपी, संस्थाचालक व संतप्त जमाव असे तीन प्रकारचे आरोपी न्यायालयांपुढे आले. जनक्षोभ तिन्ही बाबतीत सारखाच प्रखर असला, तरी जामिनाचे निकष प्रत्येकाचे निराळे होते. जनक्षोभ हा स्वतः निकष नाही.

अन्वेषण वेळेत पुरे न झाल्यास मिळणारा जामीन वेगळ्या प्रकारचा आहे. अपराधाच्या गांभीर्यानुसार ६० किंवा ९० दिवसांत आरोपपत्र दाखल झाले नाही, तर जामीन देण्यास तयार असलेल्या आरोपीस तो मिळालाच पाहिजे (कलम १८७). येथे गुणावगुणांचा विचार नसतो. या हक्काची घडण बव्हंशी महाराष्ट्रातील प्रकरणांतून झाली. तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील वसईचे हितेंद्र विष्णू ठाकूर यांच्या प्रकरणात (१९९४) सर्वोच्च न्यायालयाने दोन गोष्टी सांगितल्या : प्रत्येक गंभीर गुन्हा दहशतवाद ठरत नाही, आणि मुदतवाढीसाठी सरकारी अभियोक्त्याने पोलिसांचा अर्ज पुढे न सरकवता स्वतः विचार करून अहवाल द्यावा. आरोपीने वेळेत अर्ज केला असल्यास नंतर दाखल झालेल्या आरोपपत्राने त्याचा हक्क बुडत नाही, असे उदय मोहनलाल आचार्य विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात २००१ मध्ये ठरले.

विशेष अधिनियमांनी मात्र मूळ सूत्र उलटे केले आहे. दहशतवादी व विध्वंसक कृत्ये अधिनियम (टाडा, १९८७, समाप्ती १९९५), महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण अधिनियम (१९९९), अंमली पदार्थांविषयीचा १९८५ चा अधिनियम यांखाली, आरोपी दोषी नसल्याचे मानण्यास वाजवी कारण आहे असे न्यायालयास प्रथम वाटावे लागते. ज्या टप्प्यावर पुरावा तपासलेलाही नाही, तेथे निर्दोषत्वाविषयी मत बनविण्यास सांगणे ही विसंगती आहे. उल्हासनगरचे आमदार सुरेश ऊर्फ पप्पू कलानी यांना टाडाच्या काळात अनेक वर्षे तुरुंगात काढावी लागली. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातील १९९२ च्या गोळीबाराच्या खटल्यातून सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये त्यांना आरोपमुक्त केले. तर उल्हासनगरातील १९९० च्या एका खुनाबद्दल कल्याणच्या न्यायालयाने २०१३ मध्ये त्यांना जन्मठेप ठोठावली. जामिनाचा निर्णय करणाऱ्या न्यायाधीशास यांपैकी कोणताच शेवट आधी ठाऊक नसतो. जामिनाचे नियम दोन्ही शक्यता धरूनच बनवावे लागतात.

जामीन मंजूर होणे आणि तुरुंगातून सुटणे यांत बरेच अंतर असते. ते जामीनदार व रक्कम यांमुळे पडते. रक्कम अवाजवी नसावी असा कायद्याचा स्पष्ट आदेश आहे (कलम ४८४). मध्य प्रदेशातील मोतीराम या गवंडीकाम करणाऱ्या मजुरास दंडाधिकाऱ्याने १० हजार रुपयांचा जामीन मागितला. त्याच्या भावाची मिळकत दुसऱ्या जिल्ह्यात असल्याने तो जामीनदार म्हणून नाकारला. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये हा आदेश फिरविला, रक्कम एक हजारावर आणली आणि जामीनदार स्थानिकच हवा हा आग्रह समतेच्या तत्त्वाविरुद्ध ठरविला. आरोपीचे कुटुंब, काम व वस्तीतील नाती ही त्याच्या हजेरीची खरी हमी होत, असा या निर्णयाचा आशय आहे.

हा प्रश्न उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या सलग पट्ट्यात विशेष जाणवतो. उल्हासनगर हे कल्याणजवळच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांच्या वसाहतीतून १९४९ मध्ये उदयास आले. ‘कॅम्प’ क्रमांकांनी तेथील भाग आजही ओळखले जातात. कारखानदारीमुळे तेथे व अंबरनाथ-बदलापुरात परप्रांतीय मजूर भाड्याने राहू लागले. जामीनदाराकडून शिधापत्रिका, मिळकतीचा उतारा, तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला किंवा नोकरीचा पुरावा मागितला जातो. भाडेकरूपाशी यांपैकी फारसे काही नसते. उल्हासनगरात घरमालकाची कागदपत्रेही सरळ असतीलच असे नाही. तेथील अनधिकृत बांधकामे नियमित करण्यासाठी राज्यास २००६ मध्ये स्वतंत्र अधिनियम करावा लागला होता. शेजाऱ्याची सज्जनता कागदावर उमटत नाही, आणि कागद असलेला अनोळखी इसम पैसे घेऊन उभा राहतो. म्हणूनच जामीनदाराने आपण आणखी किती जणांस जामीन आहोत हे शपथेवर सांगावे, अशी तरतूद २००५ च्या दुरुस्तीने आली. अशा रीतीने हाजीरजामिनाचा नकळत मालजामीन होतो.

याच दुरुस्तीने जामीनयोग्य अपराधात एक आठवड्यात जामीनदार न देऊ शकणारा आरोपी निर्धन मानून त्यास जातमुचलक्यावर सोडावे असे ठरविले. ३१ जानेवारी २०२३ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने आणखी पुढे जाऊन, जामीन मंजूर होऊनही आठवड्यात सुटका न झाल्यास तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणास कळवावे, आणि महिनाभरात जामीनपत्र न दिले गेल्यास न्यायालयाने आपण होऊन अटी शिथिल करण्याचा विचार करावा, असे सुचविले. जामीनदाराऐवजी रोख रक्कम भरण्याचीही सोय आहे (कलम ४९०). पण ज्याच्याकडे जामीनदार नाही त्याच्याकडे रक्कम असेलच असे नाही.

आरोपी हजर न राहिल्यास बंधपत्राची रक्कम जप्त होते आणि ती जामीनदाराकडून दंडाप्रमाणे वसूल करता येते (कलम ४९१). जामीनदारास मुक्त व्हावयाचे असल्यास तो न्यायालयाकडे अर्ज करू शकतो. मग आरोपीस नवा जामीनदार द्यावा लागतो. साक्षीदारांस धमकावणे, अटी मोडणे इ. कारणांवरून दिलेला जामीन रद्द होतो. तथापि जामीन नाकारण्यापेक्षा तो रद्द करण्यास अधिक सबळ कारणे लागतात.

कच्च्या कैद्यांच्या दीर्घ कोठडीवर कलम ४७९ हा उपाय आहे. कमाल शिक्षेच्या अर्ध्या मुदतीइतका काळ कोठडीत गेल्यास आरोपीस जामिनावर सोडावयाचे असते; पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्यास एक तृतीयांश मुदतीनंतरच बंधपत्रावर सोडावयाचे असते. तसा अर्ज करण्याचे कर्तव्य तुरुंग अधीक्षकावर आहे. संहितेपूर्वीच्या प्रकरणांसही हे कलम लागू असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये सांगितले. देहान्त किंवा आजीव कारावासाच्या अपराधांस, तसेच एकाहून अधिक अपराधांची किंवा अनेक प्रकरणे प्रलंबित असलेल्या आरोपीस, त्याचा लाभ मिळत नाही.