विजयदुर्गावर हेलियम सापडला नव्हता

विजयदुर्ग किल्ला पाहायला गेलं की 'साहेबाचे ओटे' नावाचे चौथरे दाखवले जातातच आणि पाठोपाठ गोष्टही येते: 18 ऑगस्ट 1868च्या खग्रास सूर्यग्रहणात नॉर्मन लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञानं इथूनच हेलियमचा शोध लावला. वर्तमानपत्रांत, स्पर्धा परीक्षांच्या गाइडांत, व्हॉट्सअ‍ॅपवर हीच माहिती फिरत असते. त्या तारखेला किल्ल्यावर हेलियम दिनही साजरा होतो. अडचण एवढीच, की त्या दिवशी लॉकियर भारतात नव्हताच. तो इंग्लंडात होता.

मग ओटे खोटे का? मुळीच नाहीत. त्यांचा संबंध तीस वर्षांनंतरच्या, 22 जानेवारी 1898च्या ग्रहणाशी आहे. तेव्हा मात्र लॉकियर खरोखरच विजयदुर्गावर आला होता. 'मेलपोमेनी' या आरमारी जहाजावरच्या खलाशांना हाताशी धरून त्यानं सूर्याच्या वर्णपटाची छायाचित्रं घेतली. पण तोवर हेलियम पृथ्वीवरही सापडून तीन वर्षं झाली होती! दोन ग्रहणांची सरमिसळ झाली आणि त्यातून ही दंतकथा तयार झाली.

1868च्या ग्रहणाची छाया कोकण किनाऱ्यावरून विजापूर, गुंटूर करत मछलीपट्टणमला समुद्रात उतरली. जागोजागी निरीक्षक बसले होते. पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात लेफ्टनंट जॉन हर्शेल होता. प्रख्यात विल्यम हर्शेलचा हा नातू. गुंटूरला फ्रान्सचा पिएर जान्सेन. मछलीपट्टणमला मद्रास वेधशाळेचा प्रमुख नॉर्मन पॉगसन. लॉकियर आणि पॉगसन दोघांच्याही नावात नॉर्मन असल्यानं घोळात भर पडली असेल, कोण जाणे.

सूर्याच्या कडेवर उसळणाऱ्या तांबड्या ज्वाळा कशाच्या आहेत, हे सगळ्यांना पाहायचं होतं. वर्णपटदर्शकातून तेजस्वी रेषा दिसल्या, म्हणजे ज्वाळा तप्त वायूच्या आहेत हे ठरलं. तांबडी आणि निळी रेषा हायड्रोजनची. उरली ती पिवळी. सोडियमची 'डी' नावाची जोडरेषा पिवळ्या रंगात, 589.0 आणि 589.6 नॅनोमीटरवर पडते. ही नवी रेषा पडते 587.6वर. फरक दीड-दोन नॅनोमीटरचा, आणि खग्रास अवस्था जेमतेम पाच-सहा मिनिटांची. बहुतेकांनी 'डी' असं टिपून विषय संपवला. ही रेषा डीच्या जवळ आहे, पण नेमकी डीवर नाही, ही शंका पॉगसनच्या नोंदीत आहे. शोधाचा पहिला धागा म्हणायचा तर तो हाच.

'हेलियम जान्सेननं शोधला' हा दुसरा समज. जान्सेनचं श्रेय वेगळं आहे आणि ते मोठं आहे. रेषा इतक्या ठळक दिसल्या, की ग्रहण नसतानाही त्या दिसायला हव्यात असं त्याच्या मनानं घेतलं आणि दुसऱ्याच दिवशी त्यानं त्या पाहून दाखवल्या. तिकडे इंग्लंडात लॉकियरनंही 20 ऑक्टोबरला, कुठलंही ग्रहण नसताना, हेच साधलं. दोघांची पत्रं पॅरिसच्या विज्ञान अकादमीत 26 ऑक्टोबरला, एकाच दिवशी वाचली गेली आणि फ्रान्सनं दोघांची मुद्रा असलेलं पदक काढलं. त्या पदकामुळे 'हेलियमचे दोन संशोधक' ही जोडी पाठ्यपुस्तकांत कायमची बसली. पण पदक नव्या मूलद्रव्यासाठी नव्हतंच. ते होतं ग्रहणाविना ज्वाळा पाहण्याच्या युक्तीसाठी.

पिवळ्या रेषेचा पाठपुरावा लॉकियरनं पुढे केला, रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड फ्रँकलंडच्या सोबतीनं. ती सोडियमची नाही हे त्यांनी पक्कं केलं. हायड्रोजनच वेगळ्या परिस्थितीत असा दिसतो का, हेही तपासून पाहिलं. प्रयोगशाळेत ती रेषा काही उमटेना. 1871 साली विल्यम थॉमसननं, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्विननं, एडिंबरोच्या भाषणात 'हेलियम' हे नाव जाहीरपणे घेतलं, तरी रसायनशास्त्रज्ञ साशंकच होते. 1895मध्ये विल्यम रॅमझेला क्लीव्हाइट या युरेनियमच्या खनिजातून निघालेल्या वायूत तीच रेषा दिसली, तेव्हा कुठे वाद मिटला. एका ग्रहणात, एका नजरेत लागलेला शोध हा नव्हे. त्याला सत्तावीस वर्षं लागली.

पॉगसन यातून गळला कसा? माणूस अनोळखी नव्हता. ताऱ्यांच्या तेजस्वितेच्या प्रतींमध्ये 2.512 पटींचं गुणोत्तर त्यानंच 1856 साली सुचवलं आणि आजही जगभर तेच वापरतात. पण ग्रहणाचा त्याचा अहवाल लंडनच्या नियतकालिकात नाही, मद्रास सरकारच्या छापखान्यातून निघाला. तो वाचणार कोण? सरकारी अहवालांचं नशीब तेव्हाही आजच्यासारखंच होतं. त्याचा सहायक चिंतामणी रघुनाथाचारी तर याहून मागे पडला. आर रेटिक्युली हा रूपविकारी तारा त्यानं 1867 साली शोधला होता, आणि 1868चं ग्रहण टिपायला तो निजामाच्या मुलखात वनपर्तीला गेला होता.

आपल्याला अभिमान हवाच असेल तर 1898च्या ग्रहणात तो भरपूर आहे, फक्त किल्ल्यावरून बरंच आत, करमाळा तालुक्यातल्या जेऊरला यावं लागेल. तिथं पुण्याचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगामवाला आपली उपकरणं घेऊन उतरले होते. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून पुण्याच्या सायन्स कॉलेजात उभी राहिलेली वेधशाळा ते चालवत. तिथली वीस इंची, ग्रब बनावटीची दुर्बीण देशात सर्वांत मोठी होती. 1912 साली नायगामवाला निवृत्त झाले, वेधशाळेला कुलूप लागलं आणि दुर्बीण कोडाईकनालला रवाना झाली.