कोर्टाने पैसे मंजूर केले, पण व्याज किती आणि कधीपासून?

दिवाणी दाव्याचा निकाल हातात पडला की घरातली माणसं आधी रक्कम बघतात. तीन लाख मंजूर झाले, पाच लाख मंजूर झाले, एवढंच सगळीकडे सांगितलं जातं. त्या रकमेच्या पुढे "द.सा.द.शे. ६ टक्के व्याजासह" अशी जी अर्धी ओळ असते, तिच्याकडे फारसं कुणी बघत नाही. कधी ती ओळ हुकूमनाम्यात नसतेच, आणि ती नाही हे वसुलीची दरखास्त लावताना कळतं. तोवर उशीर झालेला असतो.

आपल्या समाजात याला आणखी एक कारण आहे. 'व्याज' हा शब्दच आपल्याला नकोसा वाटतो. वकिलाने दाव्यात व्याजाची मागणी लिहायला घेतली की घरातलं कुणीतरी मोठं माणूस म्हणतं, "ते राहू द्या साहेब, आपली मुद्दल मिळाली तरी पुष्कळ." त्या भावनेबद्दल पुढे बोलूच. आधी कायदा काय म्हणतो ते समजून घेऊ.

व्याजाचे तीन तुकडे

साध्या पैशाच्या दाव्यात व्याजाचा काळ तीन भागांत मोडतो आणि प्रत्येक भागाचा नियम वेगळा आहे. पहिला भाग पैसे देणं झाल्यापासून दावा दाखल होईपर्यंतचा. दुसरा, दावा दाखल झाल्यापासून निकालापर्यंतचा. तिसरा, निकालापासून प्रत्यक्ष पैसे हातात पडेपर्यंतचा. पहिल्या भागाला करार किंवा १९७८ चा व्याज अधिनियम लागतो. दुसरा आणि तिसरा भाग दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ३४ खाली येतो.

आता दर कोण ठरवतं? पुष्कळांना वाटतं की रिझर्व्ह बँक किंवा सरकार दरवर्षी कोर्टासाठी एखादा दर जाहीर करतं. साध्या दाव्यांसाठी तसं काही नाही. दुसऱ्या भागासाठी कायदा एवढंच म्हणतो की न्यायालयाला वाजवी वाटेल तो दर. न्यायाधीश करार बघतात, त्या काळात बँका ठेवींवर काय देत होत्या ते बघतात, उशीर कुणामुळे झाला तेही बघतात. तिसऱ्या भागाला मात्र छत आहे: ६ टक्क्यांच्या वर जाता येत नाही. हे छत १९५६ च्या दुरुस्तीने आलं आणि आजही तिथेच आहे. ज्याला पैसे द्यायचे आहेत त्याने निकालानंतरही चार वर्षं टाळाटाळ केली तर त्याला ६ टक्क्यांनी, तेही सरळ व्याजाने, पैसे वापरायला मिळतात. इतक्या स्वस्तात त्याला कुठली बँक कर्ज देणार? आमच्या मते निकालानंतर वसुली रखडण्याचं हेही एक कारण आहे, आणि त्याबद्दल फारसं बोललं जात नाही.

या छताला एक अपवाद आहे, १९७६ च्या दुरुस्तीने आलेला. देणं जर व्यापारी व्यवहारातून निर्माण झालं असेल, म्हणजे ज्याच्यावर देणं आहे त्याच्या धंद्याशी किंवा उद्योगाशी ते जोडलेलं असेल, तर ६ टक्क्यांच्या वरही व्याज देता येतं. करारात दर असेल तर त्या दरापर्यंत, नसेल तर राष्ट्रीयीकृत बँका व्यापारी कर्जाला जो दर लावतात तिथपर्यंत. म्हणून समोरच्याने पैसे दुकानासाठी, मालासाठी किंवा गाडी धंद्याला लावण्यासाठी घेतले असतील तर ते दाव्यात स्पष्ट लिहिलेलं असावं. नुसतं "हातउसने दिले" असं लिहिलं की अपवादाचा दरवाजा बंद होऊ शकतो.

मेहेरचा दावा

इथे आपण जरा थांबू, कारण हा भाग थेट आपल्या घरांचा आहे. मेहेर हे कायद्याच्या नजरेत कर्जच आहे. नवऱ्याने जिवंतपणी दिलं नाही तर ते त्याच्या मालमत्तेवरचं देणं राहतं आणि वारसांना वाटणीआधी फेडावं लागतं. एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. पण १९७८ च्या व्याज अधिनियमाचं कलम ४ फार कमी लोकांनी वाचलेलं असतं. त्यात काही प्रकारचे दावे वेगळे काढले आहेत: तारण म्हणून ठेवलेली रक्कम, विश्वासाच्या नात्यातून आलेलं देणं, फसवणुकीने घेतलेले पैसे आणि चौथा प्रकार मेहेर व पोटगी. या दाव्यांत दाव्याचं कारण घडलं त्या दिवसापासून (तारणाच्या रकमेत ती ठेवली त्या दिवसापासून) दावा दाखल होईपर्यंत न्यायालयाने व्याज द्यायचंच आहे, वाजवी वाटेल त्या दराने. न द्यायचं असेल तर तसं खास कारण असावं लागतं. म्हणजे इतर दाव्यांत जे न्यायाधीशाच्या मर्जीवर आहे, ते मेहेरच्या दाव्यात जवळजवळ हक्काचं आहे.

आकडे घालून बघू. समजा निकाहनाम्यात ३ लाख रुपये उधार मेहेर लिहिलेला आहे. तलाक २०१६ मध्ये झाला, दावा २०१८ मध्ये लागला, निकाल २०२३ मध्ये आला आणि पैसे मिळाले २०२५ मध्ये. दर सगळीकडे ६ टक्के धरला तरी वर्षाला १८ हजार होतात. दाव्याआधीची दोन वर्षं ३६ हजार, दावा चालू असतानाची पाच वर्षं ९० हजार, निकालानंतरची दोन वर्षं ३६ हजार. एकूण १ लाख ६२ हजार. मुद्दलाच्या निम्म्याहून जास्त रक्कम एका ओळीवर अवलंबून आहे. आणि हे सगळं देऊनही २०१६ मध्ये ३ लाखांत जेवढं सोनं येत होतं तेवढं २०२५ मध्ये ४ लाख ६२ हजारांत येत नाही. ज्यांचा मेहेर तोळ्यांत ठरला त्या बायका या बाबतीत बऱ्या.

विधवेच्या बाबतीत एक जुना निकाल अजूनही कामाला येतो. १९१६ साली हमीरा बीबी विरुद्ध झुबैदा बीबी या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलसमोर प्रश्न असा होता की मेहेरपोटी नवऱ्याच्या मालमत्तेचा ताबा धरून बसलेल्या विधवेकडून वारसांनी उत्पन्नाचा हिशेब मागितला, तर तिला मेहेरवर काही मिळणार की नाही. तिने मालमत्ता सांभाळली आणि आपली रक्कम लगेच वसूल न करता थांबून राहिली, म्हणून तिला वाजवी मोबदला व्याजाच्या रूपात द्यावा, असं कौन्सिलने ठरवलं. उशिराची किंमत असते हे शंभर वर्षांपूर्वीच मान्य झालेलं आहे.

कर्ज-ए-हसना दिलं असेल तर

भाऊबंदांत, मित्रांत बिनव्याजी पैसे देण्याची आपली चांगली रीत आहे. पण परत आले नाहीत आणि प्रकरण कोर्टात गेलं तर दोन गोष्टी लक्षात घ्या. कागदावर "यावर व्याज घेतलं जाणार नाही" असं स्पष्ट लिहिलं असेल तर दाव्याआधीच्या काळाचं व्याज व्याज अधिनियमाखाली मागता येत नाही. तसं लिहिलेलं नसेल आणि लेखी दस्तात परतफेडीची तारीख असेल तर त्या तारखेपासून व्याज मागता येतं. तारीखच नसेल तर "आम्ही व्याज मागणार आहोत" असं लेखी नोटिशीत कळवावं लागतं, आणि व्याज त्या नोटिशीपासून मोजलं जातं. नोटीस तोंडी चालत नाही. दरही त्या काळात बँका ठेवींवर जो सर्वांत जास्त दर देतात त्याच्या वर जाऊ शकत नाही.

इतर कायद्यांतले दर

अपघाताच्या दाव्यात मोटार वाहन अधिनियमाचं कलम १७१ लागतं. सरळ व्याज, आणि तेही अर्ज दाखल केल्याच्या तारखेच्या आधीपासून नाही. म्हणून अपघातानंतर अर्ज करायला दोन वर्षं घालवली की ती दोन वर्षं व्याजातून गेली. दर कलमात दिलेला नाही. २००१ मध्ये कौशनुमा बेगम विरुद्ध न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्स या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आधी १२ टक्के वाजवी समजले जात होते, पण आता बँका एक वर्षाच्या ठेवीवर ९ टक्के देतात, म्हणून ९ टक्के. बँकेचे दर खाली आले की न्यायालयाचा दरही खाली येतो, तो असा.

भूसंपादनात मात्र दर कायद्यातच लिहिलेला आहे. २०१३ च्या कायद्यानुसार भरपाई न देता जमिनीचा ताबा घेतला तर पहिल्या वर्षी ९ टक्के आणि त्यानंतर १५ टक्के. लवादाच्या निवाड्यात वेगळा आदेश नसेल तर २०१५ च्या दुरुस्तीपासून चालू व्याजदराहून २ टक्के जास्त. त्याआधी सरसकट १८ होते. मालेगाव-भिवंडीच्या यंत्रमागवाल्यांनी आणखी एक कायदा बघून ठेवावा. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदणी आधीच झालेली असेल आणि माल घेणाऱ्याने मुदतीत पैसे दिले नाहीत, तर २००६ च्या कायद्याखाली रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. कापडाच्या थकलेल्या बिलाला तिप्पट चक्रवाढ, आणि तलाक झालेल्या बाईच्या मेहेरला निकालानंतर जास्तीत जास्त ६ सरळ. हे कायदे वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या कारणांसाठी झाले हे खरं, पण शेजारी शेजारी ठेवले की डोळ्यांत खुपतं.

हुकूमनामा गप्प असेल तर

कलम ३४ चं दुसरं पोटकलम कडक आहे. निकालानंतरच्या व्याजाबद्दल हुकूमनाम्यात काहीच लिहिलं नसेल तर न्यायालयाने ते नाकारलं असं धरलं जातं, आणि त्यासाठी वेगळा दावा करता येत नाही. दरखास्त चालवणारं न्यायालय स्वतःहून ते जोडू शकत नाही. उपाय अपिलाचा. जिल्हा न्यायालयात अपील करायला ३० दिवस, उच्च न्यायालयात ९० दिवस. नकलेला लागलेला वेळ यातून वजा होतो, म्हणून निकालाच्या दिवशीच नकलेचा अर्ज करा. नक्कल हातात आली की तिन्ही काळांचा दर आणि तारखा त्यात आहेत का, एवढं वकिलासमोर बसून वाचा. लोकअदालतीत तडजोड करताना बहुधा व्याजच सोडावं लागतं. सोडा, पण किती सोडतोय हे आकडेमोड करून.

आता नियतीचा प्रश्न. रिबा हराम आहे, यात वाद नाही. कोर्टाने उशिरापोटी दिलेली रक्कम त्यात मोडते का, यावर मतं एकसारखी नाहीत. ही रक्कम घेऊन सवाबची नियत न ठेवता गरजूंना द्यावी, स्वतः वापरू नये, असं सांगणारे मुफ्ती आहेत. उशिरामुळे जो खरा तोटा झाला त्याची भरपाई वेगळी मानणारेही आहेत. आम्ही फतवा देणारे नाही. आपल्या विश्वासातल्या आलिमला सगळी हकीकत सांगून विचारा. कायद्याची बाजू एवढीच आहे की मागितलेलं व्याज मंजूर झाल्यावर सोडून देता येतं, पण न मागितलेलं नंतर जोडून घेणं फार अवघड जातं. आणि न मागितल्याने ते पैसे गरिबाकडे जात नाहीत, बुडवणाऱ्याकडेच राहतात.

ज्यांच्यावर देणं आहे त्यांच्यासाठीही एक वाट आहे. व्याज देणंही आपल्याला नको असतं. हुकूमनाम्याची रक्कम कोर्टात भरा आणि समोरच्याला तशी नोटीस बजावा. भरलेल्या रकमेवरचं व्याज नोटीस पोचल्याच्या तारखेपासून थांबतं. अपील चालू असतानाही अशी रक्कम भरता येते. नुसते पैसे भरून नोटीस न दिल्यास मीटर चालूच राहतो.