कर्करोगानंतरचे आरोग्य आणि आर्थिक विषमता
कर्करोगावरील उपचार पूर्ण केलेल्या व्यक्तीचे पुढील आरोग्य केवळ आजाराच्या स्वरूपावर नव्हे, तर तिचे उत्पन्न, लिंग आणि राहण्याचे ठिकाण यांवरही अवलंबून असते. भारतात तंबाखूमुळे होणारा तोंडाचा कर्करोग गरीब, कष्टकरी वर्गात अधिक आढळतो. शस्त्रक्रिया व किरणोपचारांनंतर जबडा आखडतो, बोलणे अस्पष्ट होते आणि त्यावरील व्यायामोपचार व वाचोपचार खेड्यांत सहसा मिळत नसल्याने रोजंदारीवरील माणसाचे कामच सुटू शकते. स्तनाच्या कर्करोगात काखेतील लसिकाग्रंथी, म्हणजे शरीरातील द्रव गाळणाऱ्या गाठी, काढल्यास हाताला दीर्घकाळ टिकणारी सूज येऊ शकते. अशा हाताला जखम होऊ न देण्याचा सल्ला खुरपणी करणाऱ्या शेतमजूर स्त्रीला देणे सोपे, पाळणे मात्र जवळजवळ अशक्य. संप्रेरकांवर वाढणारी गाठ असल्यास टॅमॉक्सिफेनसारखी गोळी ५ ते १० वर्षे घ्यावी लागते; गोळी तुलनेने स्वस्त असली, तरी तपासणीसाठी परळच्या टाटा रुग्णालयापर्यंतचा प्रवास आणि बुडालेली मजुरी स्वस्त नसते. २०१८ साली सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे रुग्णालयीन उपचार मिळतात, परंतु घरी सोडल्यानंतरचा खर्च त्यात केवळ १५ दिवसांपुरताच धरलेला आहे.