अंतर ओळखणारी गाडी

यंत्रमानव म्हटला की डोळ्यांपुढे हातापायांचा पोलादी पुतळा उभा राहतो. ‘रोबो’ हा शब्द चेक नाटककार कारेल चापेक यांच्या १९२० सालच्या नाटकाने जगभर रूढ केला. त्याच्या मुळाशी असलेल्या चेक शब्दाचा अर्थ आहे वेठ. परंतु वेठीला जुंपलेले यंत्र माणसासारखेच दिसावे असा काही दंडक नाही. १९४८-४९ च्या सुमारास इंग्लंडातील ब्रिस्टल येथे ग्रे वॉल्टर यांनी तीन चाकांची दोन यांत्रिक कासवे तयार केली. प्रकाशाचा माग काढीत, अडथळ्याला धडकताच वाट बदलीत ती हिंडत. आज धडकण्याचीही आवश्यकता उरलेली नाही, आणि असे वाहन राजपुऱ्यातील एखाद्या घराच्या ओसरीवरही जुळवता येते.

साहित्य थोडकेच. लाकडाची फळी, दोन लहान मोटरी व त्यांची चाके, तोल सांभाळणारे एक फिरते चाक, बॅटरी, आर्डुइनोसारखी संगणकीय पट्टी, मोटरींना पुरेसा प्रवाह देणारे एक मंडल आणि अंतर मोजणारा संवेदक. हा संवेदक शे-दीडशे रुपयांत मिळतो. त्याला दोन गोल ‘डोळे’ दिसतात. वस्तुतः ते एक मुख व एक कान होत. मुखातून सेकंदाला ४०,००० कंपनांचा ध्वनी निघतो. माणसाचा कान सुमारे २०,००० कंपनांपर्यंतच ऐकतो, म्हणून आपल्याला तो कळत नाही. वटवाघळाची युक्ती हीच. ध्वनी भिंतीवर आपटून परततो. जाण्यायेण्याचा काळ गुणिले ध्वनीचा वेग, आणि त्याचे निम्मे, म्हणजे भिंतीचे अंतर. ते ठरावीक मर्यादेहून कमी झाले की एक चाक थांबते, दुसरे फिरत राहते आणि गाडी वळते.

येथवर कोणतेही पुस्तक आपणांस नेईल. खरे शिक्षण पुढे आहे. पुस्तकात ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर असा दिलेला असतो. पण तो २० अंश तापमानाचा. आमच्या बऱ्हाणपुरात उन्हाळ्यात पारा ४२ अंशांवर जातो, तेव्हा हाच वेग सुमारे ३५७ मीटर होतो. परिणामी एक मीटरवरची भिंत गाडीला ९६ सेंटिमीटरवर भासते. तिरप्या फळीवरून ध्वनी भलतीकडे निसटतो, तर जाड मऊ पडदा तो गिळून टाकतो. अशा वेळी समोर अडथळा असूनही वाट मोकळी वाटते. मुलांच्या हाती मोजपट्टी देऊन हा फरक त्यांनाच शोधू द्यावा. छापील आकडाही आपल्या गावच्या हवेत पारखून घ्यावा लागतो, हा धडा कोणत्याही परीक्षेच्या गुणांहून मोलाचा आहे.

हा केवळ खेळ नव्हे. दिल्लीच्या आय. आय. टी.त घडलेली आणि २०१४ मध्ये उपलब्ध झालेली ‘स्मार्टकेन’ ही अंधांची काठी याच तत्त्वावर चालते. साधी काठी जमिनीवरचा अडथळा सांगते. डोक्याशी आलेली फांदी वा उघडी खिडकी तिला कळत नाही. ती सूचना ही काठी हाताला कंपनाने देते. तेथे चार सेंटिमीटरांची चूक चालून जाईल. पण न दिसलेला अडथळा कपाळमोक्ष करील.

नीती आयोगाच्या अटल योजनेतून देशातील सुमारे १०,००० शाळांत अशा प्रयोगांच्या शाळा उभ्या राहिल्या आहेत. ज्या शाळांना त्या लाभल्या नाहीत, तेथील मुलांनी वाट पाहत बसावे काय? आमच्या मते नाही. १६१५ च्या सुमारास तबकुतुल अर्ज या इराणी भूगर्भज्ञाने जमिनीचा उतार साधून सातपुड्याचे झिरपते पाणी कुंडी भांडाऱ्यातून या शहरात आणले, ते मोजमापाच्याच बळावर. आपल्या घरांत मराठी टिकावी असे आपण म्हणतो. मग वेग, काळ, अंतर, परावर्तन हे शब्दही जेवणाच्या पंगतीत उच्चारले जावोत. पालकांना एवढीच विनंती, की जुळवून तयार मिळणारे खेळणे आणू नका. सुटे भाग आणा, मुलामुलींना सारखेच हात लावू द्या, आणि गाडी भिंतीवर आदळली तर रागे न भरता विचारा, “तिला ही भिंत का बरे दिसली नाही?”