चौकट : पैसा थोडा, भीती मोठी

‘दो गज जमीन के नीचे’ (1972) या हिंदी भयपटासाठी रामसे कुटुंबाने कलाकार-तंत्रज्ञांसह सातारा जिल्ह्यातलं महाबळेश्वर गाठलं. स्टुडिओ परवडणारा नव्हता. सरकारी विश्रामगृहात मुक्काम, सुमारे 40 दिवसांचं चित्रीकरण आणि साडेतीन लाखांच्या घरातला खर्च. सपन-जगमोहन यांची गाणी मात्र होतीच. हा काही रॉक-स्लॅशर, म्हणजे रॉक संगीताभोवती गुंफलेला खूनसत्राचा भयपट, नव्हे. पण हाताशी असेल त्यातूनच भीती उभी करायची, हे अर्थकारण इथे आणि अमेरिकी रॉक-स्लॅशरमध्ये सारखंच. अमेरिकी निर्मात्यांच्या हाताशी रॉकचा मंच होता. ‘टेरर ऑन टूर’मध्ये (1980) खुनी बँडचीच रंगभूषा करून वावरतो, त्यामुळे संशय सगळ्यांवर जातो आणि मुखवट्याचा वेगळा खर्चही वाचतो. ‘स्लंबर पार्टी मॅसेकर 2’मध्ये (1987) तर खुन्याचं ड्रिल थेट इलेक्ट्रिक गिटारलाच जोडलेलं आहे.

गाण्यांमुळे भीतीचा ताण सुटतो, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. भरतीच्या गाण्यांपुरता तो रास्तच आहे. पण ‘रॉक्टोबर ब्लड’च्या (1984) अखेरीस मंचावर खरोखरच रक्त सांडतं आणि श्रोते तो कार्यक्रमाचा भाग समजून जल्लोष करत राहतात. हा प्रसंग गाण्याशिवाय घडूच शकत नाही. हे चित्रपट सरसकट चांगले आहेत असं नाही. अनेकांतला अभिनय आणि पटकथा कच्चीच आहे. तरीही त्यांना स्वस्त म्हणून निकालात काढणं चूक आहे. गाणं वगळल्यावर कथा कोसळते का, हीच त्यांची खरी कसोटी.